सोळा नंबरच्या खोलीत निजलेला माणूस

दोन मॉनिटर शेजारीशेजारी ठेवले आणि दोन्हींवर एकच चित्र लावलं, तर तुम्हाला ते किती वेळात कळेल?

लगेच कळेल, असंच म्हणाल. सगळे तसंच म्हणतात. चौकशीला आलेले दोघे अधिकारीही तसंच म्हणाले, तेही खुर्चीत आरामात रेलून. ज्यांनी जन्मात कधी सलग आठ तास कशालाही हात न लावता नुसतं बघण्याचं काम केलेलं नाही, ते तर फारच छातीठोकपणे म्हणतात. तेवीस दिवस लागले, असं सांगितलं की हसतात. हसा, पण पूर्ण ऐकून हसा.

तिला सगळे वायरबाई म्हणत. जिथे कामाला होती तिथे पाटीवर ‘सेवानिवास’ असं झोकात लिहिलेलं होतं. आतल्या बायका त्याला नुसतं ‘म्हाताऱ्यांचं’ म्हणायच्या. म्हाताऱ्यांचं सुटलं, म्हाताऱ्यांचं भरलं, आज म्हाताऱ्यांच्यात पाणी नाही. चौदा वर्षांपूर्वी वायरबाई तिथे आया म्हणून लागली. कूस बदलायची, पुसायचं, भरवायचं. पण तिची बोटं वायरीवर वाढलेली होती. बाप भंगार घ्यायचा, आणि लहानपणी शाळेतून आली की पोरगी ब्लेड घेऊन वायरी सोलत बसायची, आतलं तांबं वेगळं करायची. सातवीत शाळा सुटली, वायरी सुटल्या नाहीत. नुसतं चाचपून सांगायची, ही आतून तुटलेली आहे, इथे, या वळणावर.

लागल्यावर दुसऱ्याच महिन्यात तिने बंद पडलेली घंटा सुरू केली, खाटेपाशी दोरी असते आणि ओढली की बाहेर वाजते ती. मग दिवाणखान्यातला टीव्ही. मग छपाईचं यंत्र. मग कार्यालयातला लॅपटॉप. दर वेळी कंपनीचा माणूस बोलवायचं टळायचं आणि दर वेळी तिला शाबासकी मिळायची. शाबासकी पोटात जात नाही, डोक्यात मात्र जाते. सातवी नापास बाई डिग्रीवाल्यांना जमत नाही ते करते, हे चारचौघांत बोललं गेलं की तिची मान ताठ व्हायची. का होऊ नये? तिच्या मानेला ताठ व्हायला दुसरं होतं काय?

तिच्याच शब्दावर तिची नणंदही तिथे लागली. दोघी एका वयाच्या. नणंद लवकर विधवा झालेली, भावाच्याच घरात राहायची. वायरबाई तिला रीतीने वन्सं म्हणायची आणि अहोजाहो करायची. भांडण झालं की जरा जास्तच अहोजाहो करायची. वन्सं तिला वहिनी म्हणायची, आणि स्वयंपाकघरात कुणी झाकण कुठे ठेवलं यावरून दोघींची रोज जुंपायची. पण कामाला जाताना एका छत्रीतून जायच्या.

दुसऱ्या मजल्यावर अठरा खोल्या होत्या. अंथरुणावरून न उठणाऱ्यांचा मजला. तिथे तीन बायका दर अर्ध्या तासाला फेरी मारायच्या, दार ढकलून आत बघायच्या, कुणी सरकलंय का, कुणी ओलं आहे का. वन्सं त्या तिघींतली एक. मग व्यवस्थापक बदलले. नवे साहेब कडक इस्त्रीचे कपडे घालायचे, बसताना पँट गुडघ्यावर चिमटीत धरून वर ओढायचे. बायकांनी पहिल्या आठवड्यातच त्यांचं नाव इस्त्री ठेवलं. इस्त्रीने खोल्याखोल्यांत छताला कॅमेरे बसवून घेतले आणि जाहीर केलं, आता फेऱ्यांची गरज नाही. एक बाई बसून अठरा खोल्या बघेल, दर क्षणी बघेल, अर्ध्या तासाने नाही. दोघींना घरी पाठवलं. वन्संचे गुडघे गेलेले होते म्हणून बसायचं काम तिला मिळालं. ती खूश होती. म्हणायची, एवढी वर्षं चालण्याचा पगार घेतला, आता बसण्याचा घेते.

आता ते बघायचं कशावर? इस्त्रीकडे कार्यालयातून काढलेला एक लॅपटॉप होता. कुणा देणगीदाराने तीन मॉनिटर दिले होते. कॅमेरेवाल्या कंपनीने जोडणीसाठी वेगळा माणूस पाठवायची तयारी दाखवली, इस्त्रीने ती नाकारली आणि वायरबाईला बोलावलं. तिने वस्तू बघितल्या. लॅपटॉपला बाहेरच्या मॉनिटरसाठी एकच चपटं भोक होतं, शेजारी एक बारकं. तिला एक क्षण वाटलं की सांगावं, साहेब, एकाला एक मी कितीदा जोडलाय, एकाला तीन कधी जोडलेले नाहीत. तेवढ्यात साहेब बाकीच्यांकडे वळून म्हणाले की आपल्याकडे वायरबाई असताना आपल्याला बाहेरचा माणूस कशाला पाहिजे. ती गप्प बसली. हे तिने नंतर स्वतःच सांगितलं, कुणी न विचारता. माझी जीभ तिथे उचलली असती, तर पुढचं काही झालं नसतं.

पहिला मॉनिटर चपट्या भोकात गेला. बाकी दोघांसाठी इस्त्रीने एक डबी मागवली होती. डबीचं एक बारकं टोक लॅपटॉपात जायचं आणि दुसऱ्या बाजूला दोन चपटी भोकं होती. दोन्हींत वायरी बसल्या, दोन्ही मॉनिटर उजळले, जमलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. तिसरा मॉनिटर टेबलावर मावेना म्हणून खांबाच्या पलीकडे भिंतीला टांगला.

काही लॅपटॉप असे असतात की डबीला तोंडं कितीही असोत, ते तिच्यातून एकच चित्र पाठवतात. दोन्ही तोंडांतून तेच ते. डबीच्या खोक्यावर हे बारीक अक्षरांत छापलेलं होतं, तिला न वाचता येणाऱ्या भाषेत, आणि खोकं साहेबांच्या कपाटात होतं.

तिने तपासलं नाही असं नाही. सेटिंग उघडलं. तिथे जोडलेल्या स्क्रीनचे चौकोन दिसतात, प्रत्येकावर आकडा असतो. एक, दोन, तीन. समोर मॉनिटर तीन, चौकोन तीन. जुळलं. चूक आकड्यात नव्हती. पहिला चौकोन होता लॅपटॉपच्या स्वतःच्या स्क्रीनचा. समोर जे तीन मॉनिटर लखलखत होते, ते लॅपटॉपच्या लेखी दोनच होते.

कॅमेऱ्यांचा प्रोग्राम सहासहा खोल्यांच्या तीन खिडक्या उघडायचा. पहिली खिडकी तिने ओढून पहिल्या मॉनिटरवर नेली. दुसरी ओढून दुसऱ्यावर नेली, आणि त्याच वेळी खांबापलीकडच्या तिसऱ्यावरही सहा खोल्या आल्या. तिला वाटलं, प्रोग्रामनेच नेल्या. लॅपटॉपवर एक खिडकी उरली होती, ती तिला जास्तीची वाटली. आणि लॅपटॉपच्या स्क्रीनवर तर वन्संची नोंदवही उघडी ठेवायची होती. दर पंधरा मिनिटांनी ‘सर्व ठीक’ असं त्यात भरायचं होतं, साहेबांचा तसा हुकूम होता. ती नोंदवही वायरबाईने त्या उरलेल्या खिडकीवर पसरून ठेवली.

तेरा ते अठरा या खोल्या त्या वहीखाली गेल्या. सहा जिवंत माणसं ‘सर्व ठीक’च्या खाली गेली.

चित्रावर खोलीचा नंबर नसतो का, असं विचाराल. होता. कोपऱ्यात उमटायचा. साहेबांनी तो आधीच कंपनीकडून काढून घेतला होता, कारण हे टेबल जिन्याच्या तोंडाशी होतं आणि भेटायला येणाऱ्यांना नंबर बघून तुरुंगात आल्यासारखं वाटेल. म्हणून वायरबाईने कागदाच्या पट्ट्या कापल्या, मार्करने आकडे लिहिले आणि मॉनिटरच्या चौकटीवर चिकटवल्या. एक ते सहा, सात ते बारा, तेरा ते अठरा. नेटकं अक्षर. साहेबांनी तिला मॉनिटरच्या मधोमध उभी करून फोटो काढून घेतला.

आणि माणसं? माणसं ओळखू येत नाहीत का? त्या मजल्यावर सगळ्यांना एकच निळी चादर. एकाच मापाची खाट, एकच पडदा, एकाच बाजूला एकच तिपाई. कॅमेरा छतातून खाली बघतो, तिथून चेहरा दिसत नाही, पांढरं डोकं दिसतं आणि निळा उंचवटा. वन्सं त्या अठराही जणांना नावानिशी, खोडीनिशी ओळखत होती, पण दारातून. वरून बघितलेला माणूस तिने आयुष्यात कधी बघितला नव्हता. कुणी बघितलेला असतो?

तरी तिला खटकलं. आठव्या दिवशी जेवताना ती म्हणाली, “वहिनी, त्या तुझ्या दोन टीव्हींत एकाच वेळी चादरी बदलतात गं. इकडे बाई वाकली की तिकडेही वाकते.”

वायरबाईला तो ‘तुझ्या टीव्हींत’ झोंबला. तिने सुनावलं, “आया जोडीनेच कामाला लागतात, वन्सं. एक या बाजूला, एक त्या बाजूला. तुम्ही बघा, यंत्राचं मी बघते.”

वन्संने ताटाकडे बघितलं आणि विषय सोडला. दोघींचं भांडण एवढ्यावर थांबलं, असं घरात पहिल्यांदाच झालं.

सोळा नंबरला घड्याळआजोबा होते. सत्तर वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. कमरेखाली जोर नव्हता, कान मात्र शाबूत. बोळातलं भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं मागे आहे, हे खोलीत पडल्यापडल्या ओळखायचे आणि वायरबाई दिसली की म्हणायचे की त्या घड्याळाला पेन्शनीत काढा, मला काय काढता. ती खुर्चीवर चढून काटा पुढे करायची. आत येऊन सांगायची, केलं बरोबर. ते म्हणायचे, अर्धं मिनिट जास्त सरकवलंस. मग दोघं हसायची. त्यांच्या मुलीला यायला पंधरवड्याला जमायचं.

विसाव्या दिवशी दुपारी सव्वा वाजता त्यांचं ताट उचललं गेलं. एक चाळीसला ते खाटेवरून पडले. ही वेळ पक्की आहे, कारण कॅमेऱ्याने सगळं टिपलं आणि साठवलं. तिपाईवरचा चष्मा घ्यायला वळले आणि गेले खाली. दोरी वर राहिली. तीन वेळा हात उचलला. फरशीवर तोंड होतं, आवाज दाराबाहेर जाण्याइतका नव्हता. साडेपाचला चहाची गाडी आत आली तेव्हा चहावालीने त्यांना बघितलं. मांडीचं हाड मोडलं होतं, अंग गार पडलं होतं. रुग्णालयात नेलं, तिसऱ्या दिवशी तिथेच वारले.

आता बघा कसं असतं. कॅमेरा चालू होता, चित्रण आहे, सोळा नंबरच्या खोलीत माणूस पडलेला लख्ख दिसतो. समोर पगारी बाई बसलेली. तिच्या वहीत एक पंचेचाळीसला ‘सर्व ठीक’. दोनला ‘सर्व ठीक’. साडेपाचपर्यंत सोळा वेळा ‘सर्व ठीक’. यावर कुणाला काय विचारायचं राहतं? वन्संला त्याच संध्याकाळी घरी बसवलं. पोलिसांनी जबाब घेतला. म्हाताऱ्यांच्यातल्या बायकांनीही ठरवून टाकलं, डुलकी लागली असणार. जेवणानंतरची वेळ, बसकं काम.

वन्सं एकच वाक्य धरून बसली होती. मी बघत होते. निजलेले होते ते. उजवा हात उशीखाली होता.

चार दिवस तिने हेच सांगितलं. पोलिसांना, भावाला, भिंतीला. भाऊ म्हणाला, जाऊ दे, होतं असं माणसाकडून. त्या ‘जाऊ दे’ने ती उठून मोरीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आणि वायरबाई? वायरबाईने तर हद्द केली. चौथ्या दिवशी सकाळी चपला घालताना ती नणंदेला म्हणाली, “डोळा लागला असेल तर लागला म्हणा, वन्सं. माणूस मेलाय. मेल्यावरसुद्धा तो निजला होता म्हणून काय सांगता?”



त्याच दिवशी सोळा नंबर रिकामी करायला वायरबाईलाच लावलं. दुसरी एक आया बरोबर होती. दोघींनी चादर काढली, उशी काढली, गादी उचलून गच्चीवर उन्हात टाकली. खाटेची नुसती लोखंडी जाळी राहिली. खिडकी उघडी ठेवली. हात धुऊन वायरबाई जिन्याच्या तोंडाशी आली. वन्संच्या खुर्चीत नवी बाई बसली होती, तिला जरा पाय मोकळे करायचे होते, ती म्हणाली, पाच मिनिटं बसतेस का. वायरबाई बसली.

तिने वर बघितलं. खांबापलीकडचा मॉनिटर, तिच्याच अक्षरातली पट्टी, तेरा ते अठरा. खालच्या ओळीत पहिली, सोळा नंबर.

सोळा नंबरच्या खोलीत माणूस निजलेला होता. निळी चादर छातीपर्यंत. उजवा हात उशीखाली.

ती किंचाळली नाही. उठून बोळातून सोळापर्यंत पळत गेली. जाळी. उघडी खिडकी. परत आली. मॉनिटरवर माणूस. आता तिची नजर दुसऱ्या मॉनिटरवर गेली, सात ते बारा, खालच्या ओळीत पहिली, दहा नंबर. निळी चादर, हात उशीखाली. दहा नंबरला निवृत्त पोस्टमास्तर होते आणि ते तसेच निजायचे, हे त्या मजल्यावर सगळ्यांना माहीत होतं.

मग तिने लॅपटॉपकडे बघितलं. नोंदवहीची कड धरली आणि ती बाजूला सारली. खाली सहा खोल्या होत्या. चौथीत लोखंडी जाळी होती.

वन्सं चार तास डोळ्यांत तेल घालून पोस्टमास्तरांना बघत होती.

आता इथे थांबून एक गोष्ट ध्यानात घ्या. मजल्यावर त्या क्षणी हे फक्त एका बाईला माहीत होतं. दोन मिनिटं पुरली असती: खिडकी ओढून दुसरीकडे लावायची, पट्टी बदलायची, कुणाच्या बापाला कळलं नसतं. तिची शाबासकी शाबूत, नोकरी शाबूत, फोटो कार्यालयात लटकलेला. आणि वन्सं जन्मभर झोपाळू. तिने काहीही हलवलं नाही. फोन कामावर येतानाच फाटकावर जमा करावे लागत, त्यामुळे फोटो काढता आला नाही. मग तिने त्या नोंदवहीतच लिहिलं, ‘सर्व ठीक’च्या रकान्यात, एकेक अक्षर शोधत: ‘खोली १३ ते १८ दिसत नाहीत. मॉनिटर लावल्यापासून दिसत नाहीत. मी लावले.’ आणि साहेबांकडे गेली.

साहेबांनी ऐकलं, दार लावलं, तिला बसायला सांगितलं. चौदा वर्षांत त्या खोलीत ती पहिल्यांदा बसली. ते अगदी मऊ बोलले. तुझं नाव चांगलं आहे. उद्या कंपनीचा माणूस येईल, करून जाईल. ही तांत्रिक बाब आहे, ती आपल्यात राहू दे. तुझ्या नणंदेचं वय झालंय, तिला सन्मानाने मोकळी करू. वायरबाई म्हणाली की तिला सन्मानाने नको, तिने बघितलं होतं असं लिहून पाहिजे. तेव्हा साहेबांनी पँट गुडघ्यावर वर ओढली.

“मॉनिटर कुणी लावले?”

“मी.”

“तुला कुणी सांगितलं लावायला? लेखी आहे काही?”

“तुम्ही सांगितलं. सगळ्यांसमोर.”

“मी विचारतोय, लेखी आहे का?”

लेखी नव्हतं. तिला आयुष्यात कुणी काही लेखी दिलंच नव्हतं.

घरी आली तेव्हा वन्सं भाजी निवडत बसली होती. वायरबाई उभ्याउभ्याच बोलली, पाठ केल्यासारखं, डबी, चौकोन, वही, पोस्टमास्तर. वन्संचे हात थांबले.  समोरची बाई मारेल, शिव्या देईल, असं वायरबाईला वाटत होतं आणि तसं व्हावं असंही वाटत होतं.

“मी तुला विचारलं होतं, वहिनी,” वन्सं म्हणाली. “आठव्या दिवशी.”

“हो.”

“म्हणजे बारा दिवस होते आपल्याकडे.”

तिने निवडलेली भाजी आणि न निवडलेली भाजी एकाच ताटात ढकलली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी कामावर जाईपर्यंत जुना लॅपटॉप, डबी, पट्ट्या, सगळं उचललेलं होतं. नवा लॅपटॉप, नवी जोडणी, तिन्ही मॉनिटरवर वेगवेगळं चित्र, कोपऱ्यात नंबरसुद्धा. ज्या कंपनीच्या माणसाला इतके दिवस बोलवायला परवडत नव्हतं, तो एका संध्याकाळीत सगळं करून गेला होता. जुन्या लॅपटॉपाबरोबर नोंदवहीही गेली. तिने रकान्यात लिहिलेलं कुणी बघितलं नाही. निदान बघितलं असं कुणी म्हटलं नाही.

मग ती घड्याळआजोबांच्या मुलीकडे गेली. पत्ता फाटकावरच्या रखवालदाराने दिला, त्याने तेवढं केलं. मुलगी तिसऱ्या मजल्यावर राहायची, दाराशी मुलांचे बूट पडलेले. वायरबाईने पुन्हा सगळं सांगितलं. मुलीने मध्येच विचारलं की ते किती वेळ पडून होते. साहेबांनी तिला ‘थोडा वेळ’ असं सांगितलं होतं. वायरबाई म्हणाली, चार तासांना दहा मिनिटं कमी.

मुलगी म्हणाली, “आणि हे तुम्ही स्वतःच्या हाताने लावलं होतं.”

“हो.”

“मग मला कशाला सांगायला आलात? माफी पाहिजे?”

“नको. माझ्या नणंदेने बघितलं होतं, एवढं तुम्ही म्हणा. माझं नाव घ्या. पहिलं माझंच घ्या.”

मुलीने दार लावून घेतलं. पण आठ दिवसांनी तिने तक्रार दिली, आणि तिच्यात तिघांची नावं होती, वायरबाईचं, वन्संचं आणि साहेबांचंही. तिचं हे धाडस विसरू नका. बाप गेलेल्या बाईला एकाच नावावर राग काढून मोकळं होणं सोपं असतं.

चौकशी झाली. नव्या लॅपटॉपची तपासणी झाली, तो निर्दोष निघाला. तो निर्दोषच होता. जुना सापडला नाही. ज्या बायकांनी टाळ्या वाजवल्या होत्या त्यांना विचारलं, वायरबाईला मॉनिटर लावायला कुणी सांगितलं. एकीला आठवेना. एकीची रजा होती म्हणे. दोघींनी कानावर हात ठेवले. त्यांच्यावर दात खाण्यात अर्थ नाही, त्यांनाही चूल आहे. सोळा नंबर रिकामी करताना बरोबर होती ती आया तेवढं म्हणाली की वायरबाई त्या दिवशी पळत खोलीत परत आली होती आणि जाळीकडे बघत उभी राहिली होती. अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं नाही. जाळीकडे बघणं हा पुरावा नव्हता.

अहवाल अडीच पानी आहे. त्यात ‘निरीक्षक महिलेची झोप व हलगर्जी’ असं एक वाक्य आहे आणि ‘अप्रशिक्षित आयेने अनधिकृतपणे केलेली जोडणी’ असं दुसरं. दोन्ही एकाच वेळी खरी कशी असतील? चित्रच चुकीचं होतं तर झोपेचा प्रश्न येतो कुठे, आणि बाई झोपली होती तर जोडणीचा प्रश्न येतो कुठे? अधिकाऱ्यांना ही अडचण वाटली नाही. दोन बायका होत्या, दोन कारणं लिहिली, दोघींना काढलं. साहेब आता याहून मोठ्या ‘सेवानिवासा’त आहेत. तिथे चाळीस खोल्या आहेत.

वायरबाई आता एका दिव्यांच्या दुकानात मागच्या खोलीत बसते, बंद पडलेले दिवे उघडून जोडते. मालकाने एकदा तिला विचारलं, गल्ल्यावरच्या लॅपटॉपला आणखी एक मॉनिटर लावून देशील का. तिने नाही म्हटलं. कारण विचारलं तर म्हणाली, येत नाही. चौदा वर्षांत जो शब्द तिच्या तोंडून निघाला नाही, तो आता अगदी सहज निघतो. अहवालाविरुद्ध तिने अपील केलं आहे, स्वतःसाठी नाही. त्यात मागणी एकच आहे, ‘झोप’ हा शब्द काढावा. दोन तारखा झाल्या, दोन्ही पुढे गेल्या.

वन्सं त्याच घरात आहे. झाकणावरून भांडण होत नाही. स्वयंपाक एक करते, भांडी दुसरी घासते, आणि दोघींच्या मधून भाऊ निरोप्यासारखा फिरतो. वन्संला आता दुपारी झोप लागत नाही. आडवी होते, डोळे मिटते आणि उठून बसते. शेजारच्या बाईने एकदा सहज म्हटलं, जरा पडा की हो. ती म्हणाली, मी झोपत नाही. हे तिने ज्या आवाजात म्हटलं, तो आवाज ऐकून शेजारची बाई आपल्या घरात निघून गेली.

आता तुमच्याकडे मागणं आहे. तुमचं कुणी असल्या मजल्यावर पडून असेल तर पुढच्या भेटीला फळं नेऊ नका, वेळ न्या. जिन्याच्या तोंडाशी मॉनिटर मांडलेले असतील, त्यांच्यासमोर एक बाई बसलेली असेल. तिला उठवा, जरा पाय मोकळे करून ये म्हणा, आणि तिच्या खुर्चीत पूर्ण अर्धा तास स्वतः बसा. तुमचा माणूस कुठला ते शोधा. बरोबरच्याला आत पाठवा, त्याला खाटेशी उभं करा, आणि तो तुम्हाला दिसतो का ते बघा. नाही दिसला तर त्या बाईवर ओरडू नका. व्यवस्थापकाला तिथे बोलावून घ्या, तो येईपर्यंत खुर्ची सोडू नका, आणि हे मॉनिटर कुणी कुणाला लावायला सांगितले ते त्याच्याकडून, त्याच्या सहीने, लेखी घ्या.